हनुवटीवरचे ठिपके

रविवारी दुपारी मुलांना मोबाइलपासून दूर कसं ठेवायचं, हा प्रश्न तुमच्याही घरात असेलच. एका चष्मेवाल्याने त्यावर तोडगा काढला होता. जेवणं उरकली की तो, त्याची नऊ वर्षांची लेक खारूताई आणि शेजारचा ड्रायव्हर असे तिघं टेबलाभोवती बसत. बाप गोष्ट सांगे, बाकीचे दोघं त्या गोष्टीतले वीर. लढाईची वेळ आली की फासे टाकायचे, जिंकलो की हरलो ते फासेच ठरवणार. शत्रू म्हणजे डोंगरातली रानटी टोळी. तिच्या बोटभर उंचीच्या बाहुल्या चष्मेवाल्याने स्वतः रंगवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हनुवटीवर बारीक ब्रशने तीन हिरवे ठिपके दिले होते. कशा उग्र दिसत होत्या! हे ठिपके आपल्याला कुठून सुचले, याचा विचार काही त्याने केला नव्हता.

त्या रविवारी खारूताईने मध्येच विचारलं, "बाबा, आधी त्यांच्याशी बोलून बघू का?"

"त्यांना कुठलं बोलणं कळतंय! रानटी आहेत ते. टाक फासे!"

तिने टाकले. आख्खी वस्ती आडवी झाली आणि ड्रायव्हरने टाळ्या पिटल्या.

आता चष्मेवाला काही वाईट माणूस नव्हे, बरं का! सासूबाईंना मोतीबिंदू झाला तेव्हा त्यानेच त्यांना डोंगरातल्या गावाहून आणलं, ऑपरेशन करवलं, नवा चष्मा स्वतःच्या हाताने त्यांच्या नाकावर बसवला. "जावईबापू, मला भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसते हो!" असं म्हणत त्या लहान मुलीसारख्या घरभर हिंडल्या होत्या. त्या सासूबाईंच्या हनुवटीवर लहानपणी गोंदलेले तीन हिरवे ठिपके होते.

संध्याकाळी त्या नातीची वेणी घालायला बसल्या, तर खारूताई अंग चोरून मागे सरकली.

"काय गं? ओढले का केस?"

"आजी, तू त्यांच्यातली आहेस?"

"कुणातली?"

पोरीने टेबलावर आडव्या पडलेल्या बाहुल्यांकडे बोट केलं. आजीने एक उचलली, चष्म्यासमोर धरली. जावयाने दिलेल्या चष्म्यातून सगळं अगदी स्वच्छ दिसलं. त्या बाहुली खाली ठेवून उठून गेल्या.

बऱ्याच वेळाने त्यांच्या लेकीला, म्हणजे चष्मेवाल्याच्या बायकोला, त्या न्हाणीघरात सापडल्या. टाचा घासायच्या वजरीने हनुवटी खरवडत होत्या. टॉवेल लाल झाला होता.

"आई! अगं, काय करतेस हे!"

"निघतच नाहीत गं," त्या म्हणाल्या. "पोर भिते मला."

आईच्या हनुवटीला कापूस लावून लेक तणतणत बाहेर आली. "अहो, माझ्या आईचं तोंड रंगवलंत तुम्ही त्या बाहुल्यांवर!"

चष्मेवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. खेळ आहे तो. खेळात कुणीतरी वाईट लागतंच की."

"लागू दे ना! एखादा लोभी सरदार करा, कपटी प्रधान करा. तो वाईट का झाला, तेही सांगा. पण आख्खी जमात जन्मतःच वाईट? म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, तान्ह्या पोरांसकट? त्यांच्याशी बोलायचंसुद्धा नाही?"

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "आमची वस्ती उठवली ना, जावईबापू, तेव्हा मी खारूएवढी होते. माझा बाप हात जोडून पुढे गेला. साहेब म्हणाला, यांना बोललेलं कळत नाही, पाडा घरं. त्याच्या आधीच आईने माझ्या हनुवटीवर हे गोंदवून घेतलं होतं. पळापळीत हरवलीस तर आपली माणसं ओळखतील, म्हणाली. लेकीला मात्र मी गोंदलं नाही. म्हटलं, हिला कुणी ओळखूच नये."

अरेरे! त्या साहेबाचं वाक्य चष्मेवाल्याने दुपारी आपल्याच लेकीला शिकवलं होतं!

"आई, चुकलो मी."

"तुम्ही चांगले आहात हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जास्त लागलं." दोन दिवसांनी त्या गावी गेल्या. निघताना खारूताई दाराआडून पाहत राहिली, जवळ काही आली नाही.

पुढच्या रविवारी त्याने गोष्टच बदलली. या खेपेला टोळीतली एक बाई पुढे येऊन बोलली. तिला नाव होतं, तिची शेळी आजारी होती, आणि वीरांच्याच राजाने तिच्या गावचं पाणी अडवलं होतं.

"मग आता मारायचं कुणाला?" ड्रायव्हर कुरकुरला.

खारूताई फासे मुठीत धरून बसली होती. "बाबा, मागच्या वेळी आपण ज्यांना मारलं, त्यांच्यात माझ्याएवढी मुलगी होती?"

चष्मेवाला म्हणाला, "होती."

"मग तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

पोर हमसून हमसून रडली. आजीला फोन लाव म्हणून हटून बसली. फोनवर रडत रडतच म्हणाली, "आजी, तू ये ना."

"येईन हं," आजी म्हणाली. "हनुवटी भरून आली की येईन."

त्या अजून आलेल्या नाहीत.

वाचकहो, खेळात लढाया असू द्या, दुष्टही असू द्या. पण दुष्टपणा माणसाच्या करणीत दाखवा, त्याच्या जातकुळीत आणि कातडीवर नको. मुलांचं मन कोवळं असतं, खेळात धरलेली भीती ती टेबलावर सोडून उठत नाहीत, आणि मग तिची शिक्षा कुणीतरी निरपराध माणूस भोगतं. लेकराच्या हाती फासे देण्याआधी समोरच्याला एकदा बोलू द्या. एवढं तरी आपल्या हातात आहे!