दुसरा ब्रेक

आमच्या दारासमोरच्या जागेवरून मी जेवढी भांडले, तेवढी सासूशीही कधी भांडले नाही. आणि सासूबाई काही साध्यासुध्या नव्हत्या.

जागा म्हणजे रस्त्याच्या कडेची, दीड गाडी मावेल एवढी लांब. आमच्या गल्लीत कुणाच्याच घराला गॅरेज नाही, त्यामुळे ज्याची त्याची गाडी रस्त्यावर. त्या जागेत मी स्वयंपाकघरातल्या दोन जुन्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधोमध कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. एका खुर्चीवर सिमेंट भरलेली बादली ठेवली होती, म्हणजे कुणी येता-जाता उचलून बाजूला ठेवायला नको.

समोर दातांचा डॉक्टर राहतो. खाली दवाखाना, वर घर. त्याचे पेशंट गाल धरून येतात आणि जागा दिसेल तिथे गाडी घुसवतात. या डॉक्टरला गाडी शिकवली आमच्या ह्यांनी. ह्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, अर्धी गल्ली ह्यांच्याच हाताखाली शिकली, म्हणून सगळे ह्यांना मास्तर म्हणतात. डॉक्टरने शिकताना दिव्याचा एक खांब आडवा केला होता, तेव्हापासून मी त्याला ओळखते. एरवी मी त्याला अरे-तुरे करते, राग आला की 'तुम्ही' म्हणते. त्या दिवसांत तो सारखा 'तुम्ही' होता.

"काकू, रस्ता सगळ्यांचा आहे," तो म्हणायचा.

"मग तुम्ही तुमच्या वाट्याचा घ्या ना. तुमच्या दारासमोर आहे की."

"तिथे माझी गाडी असते."

"आणि इथे माझ्या खुर्च्या असतात."

"खुर्च्यांना चाकं असतात का, काकू?"

"तुमच्या पेशंटना दात असतात का? तरी येतातच ना?"

बाल्कनीतून लोक हसायचे, मलाही जिंकल्यासारखं वाटायचं. पण खरी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मला दोन गाड्यांच्या मधल्या फटीत गाडी मागे घेऊन लावता येत नव्हती. सरळ चालवायला सांगा, कुठेही नेईन; आमच्या त्या लांब जागेतही सरळच शिरायचे. पण मागे घ्यायची म्हटलं की माझा डावा-उजवाच नाहीसा होतो. मास्तरांची बायको, आणि ही तऱ्हा! दिव्याखाली अंधार.

शिकवायला घेतलं होतं ह्यांनी, नाही असं नाही. मी तरुण होते. मागे घेण्याचा पहिलाच धडा, मागच्या सीटवर दोन विद्यार्थी. हे म्हणाले, "बाईसाहेब, आरसा भांग पाडायला नाही लावलेला." ते दोघे फिसकन हसले. मी गाडी तिथेच बंद केली, उतरले आणि चालत घरी आले. पुढे परवाना मिळाला, कारण परीक्षेत त्या दिवशी सरळच न्यायला सांगितलं. मागे घ्यायला मी पुन्हा कधी बसले नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली मी.

मग गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन हे बाथरूममध्ये पडले. उजवा हात आणि उजवा पाय गेला, शब्द घशात अडकायला लागले. मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या पहिल्या वर्षात जेवढी मेहनत कराल तेवढंच परत मिळेल, पुढे फारसं नाही. हाताचा, पायाचा, बोलण्याचा व्यायाम करून घेणारं केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी ड्रायव्हिंग स्कूलचीच जुनी गाडी बाहेर काढली. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे. आयुष्यभर ह्यांचा पाय त्या ब्रेकवर तरंगत राहिला. हे म्हणायचे, "परीक्षा-बिरीक्षा सोड. ज्या दिवशी माझा पाय आपोआप मागे जातो ना, त्या दिवशी पोरगं तयार झालं." आता त्या ब्रेकसाठी ह्यांचा डावा पाय तेवढा उरला होता, आणि मी चालवायला बसले की तो हमखास ब्रेकवर असायचा.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. एका दुपारी केंद्रातून परत आलो तर आमच्या जागेत पेशंटची गाडी. पुढे दोन गाड्यांच्या मध्ये फट होती, पण ती माझ्या कामाची नव्हती. मी वळसा घातला. हे म्हणाले, "थांब." मी म्हटलं, "हो, हो, एक मिनिट." पुन्हा वळसा. पुन्हा "थांब." थांबू कुठे? तिसऱ्या वळशाला मी बाजूला पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते आणि ह्यांची पँट ओली झाली होती.

हा माणूस शिकवणीला जातानाही कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा. मी भर रस्त्यात गाडी उभी केली आणि मागचे हॉर्न वाजत असताना ह्यांना धरून आत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्च्या बाहेर काढल्या.

शेवटी गल्लीची बैठक भरली, तीही डॉक्टरच्याच दवाखान्यात. रविवारपासून रस्त्यावर कुणी काही मांडायचं नाही असं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. मी कारण सांगितलं असतं तर निम्मे हात खाली आले असते. पण ह्यांची लाज अशी चव्हाट्यावर मांडू? मी मूग गिळून बसले. शनिवारी संध्याकाळी खुर्च्या आत घेतल्या आणि त्या जागेत गाडीच लावून टाकली. आता बोला! गाडी तर हलवा म्हणू शकत नाही ना कुणी?

झालं इतकंच की मीही ती हलवेनाशी झाले. गाडी निघाली की जागा गेलीच म्हणून समजा. मग "आज राहू दे, उद्या जाऊ." उद्या उजाडला की परवा. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, टॅक्सी कर." पण परक्याच्या गाडीत पुन्हा तसं झालं तर, या भीतीने हे टॅक्सीत पाय ठेवायला तयार नव्हते. गाडीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसली. घरी मी ह्यांच्या हातात रबरी चेंडू द्यायचे. हे तो एकदा दाबायचे आणि सोडून द्यायचे. चेंडू पलंगाखाली जायचा, मी वाकून काढायचे.

एका सकाळी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे दाराशी स्टुलावर बसलेले. डाव्या पायात बूट नीट, उजव्यात अर्धाच.

"चल," हे म्हणाले.

"आज नको हो. जागा जाईल."

ह्यांनी बराच वेळ शब्द शोधला. मग म्हणाले, "जागा... कशाला?"

रागाने नाही. विद्यार्थ्याला विचारायचे तसं, की बाबा, क्लच दाबलास तो कशासाठी?

जागा कशाला हवी होती, तर ह्यांना बाहेर नेता यावं म्हणून. आणि त्या जागेपायी मी ह्यांना घरात डांबून ठेवलं होतं. ह्यांचं ते एकच वर्ष मी धुळीत उभं करून ठेवलं होतं! मला स्वतःचा असा संताप आला की तिथेच खाली बसून मी दुसरा बूट पायात चढवला आणि नाडी इतकी आवळली की हे "आई गं" म्हणाले.

"चला," मी म्हटलं. "पण आधी मला गाडी मागे घ्यायला शिकवा."

"उशीर... केलास."

"तुम्ही तेव्हा नीट बोलला असतात तर झाला नसता."

दोन्ही खुर्च्या मागच्या सीटवर टाकल्या. बाजारामागे मोकळं मैदान आहे, हे पूर्वी तिथेच शिकवायचे. दोन खुर्च्या म्हणजे दोन गाड्या, आणि मध्ये मी. पहिल्याच दिवशी एक खुर्ची आडवी, दुसरीचा पाय मोडलेला. मी खुर्चीजवळ गेले की ह्यांचा पाय ब्रेकवर, आणि माझे दात एकमेकांवर. डॉक्टरला घरबसल्या पेशंट मिळाला असता. केंद्रात फळाचं चित्र दाखवून नाव विचारलं की हे तोंड मिटून घ्यायचे. इथे तसं करून चालणार नव्हतं. "आरसा." "आता." "पुरे!" "पुरे म्हटलं... ना!" मी ओरडायचे, हे अर्ध्या शब्दांत ओरडायचे. किती छान वाटायचं ते भांडण.

त्या दिवसांत परतल्यावर मी गाडी सरळ भर रस्त्यात उभी करून ह्यांना आत न्यायचे, मग ती मैदानापाशी टाकून चालत घरी यायचे. मागचे लोक बोंबलायचे. बोंबलू देत. केंद्राचा एकही दिवस मी पुन्हा चुकवला नाही.

एका संध्याकाळी परत आलो तर आमच्या दारासमोर दोन गाड्या आणि मध्ये फट. मैदानातल्या खुर्च्यांमधल्या अंतरापेक्षा जरा कमीच. मी पुढच्या गाडीला समांतर थांबले. मागे हॉर्न सुरू झाले. डॉक्टर पेशंटला सोडायला पायरीवर आला होता, तो धावत आला.

"काकू, द्या चावी, मी लावून देतो. जागा लहान आहे."

मनापासून म्हणत होता बिचारा.

"आज तू लावशील रे," मी म्हटलं. "उद्या कोण लावेल? हो बाजूला. आणि खांबाला जप."

पहिल्या खेपेला गाडीचं तोंड रस्त्यात राहिलं. बाहेर काढली. दुसऱ्या खेपेला मागचं चाक फुटपाथवर चढलं. वरून कुणीतरी हसलं. हसा. पुन्हा बाहेर काढली. तिसऱ्यांदा आरसा पाहिला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, हळूहळू मागे आले. मागच्या गाडीचा बंपर आरशात मोठा मोठा होत गेला. आता ब्रेक बसणार, म्हणून मी दात घट्ट आवळले. हिसका बसला नाही. हे झोपले की काय? मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, गाडी सरळ केली आणि माझा मीच ब्रेक दाबला. दोन्ही बाजूंना हात-हात जागा उरली होती.

मी खाली वाकून पाहिलं. ह्यांचा डावा पाय ब्रेकवर नव्हता. तो मागे, सीटखाली होता.

माझे डोळे भरून आले. डॉक्टर काचेशी उभा राहून काहीतरी चांगलं बोलत होता, ते मला ऐकूच आलं नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं मास्तरकी केलेला माणूस, शाबासकी एवढ्यात थोडीच देणार?

"परत," हे म्हणाले.

आणि मी त्या जागेतून गाडी बाहेर काढली.