शेजारच्या पट्टीतली

धान निघालं की मूल गावाबाहेरची आमची भातशेतीची बांधी हिवाळाभर मोकळी असते. माझ्या मुलाने, अजयने, तिच्यातली धसकटं खणून काढली, रोलर फिरवला आणि तो कामाला जातो त्या राइस मिलमधून भुशाची राख आणून धावायची पट्टी आखली. त्या सकाळी मला फार आवडत. धुक्यातून धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, पळसाची झाडं हळूहळू बाहेर येत, सून निशा थर्मासमध्ये चहा घेऊन येई आणि माझी नात मयुरी अंगातला स्वेटर माझ्याकडे फेकत म्हणे, "आबा, माही थंडी तुमीच सांभाळा."

भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवल्यावर मला आता शेवटच्या रेषेवर दोरा धरण्याचं मानाचं काम मिळालं होतं. तांदळाच्या पोत्याची शिवण उसवून काढलेला तो पांढरा दोरा एका बाजूला पळसाला बांधलेला असे, दुसरं टोक माझ्या चिमटीत. मयुरीची छाती लागताच सुटेल इतकंच सैल धरायचं. एवढंही आपल्याला नीट जमतंय का, अशी शंका मला रोज येई.

मयुरी धावताना हसायची. इतर मुलं धापा टाकतात तशी ही खळखळत यायची, आणि ती दिसण्याआधी तिचं हसूच माझ्यापर्यंत पोचायचं. अजयला ते खपत नसे.

"हसू नको वं, दम जाते त्यात!" तो शिट्टी तोंडातून काढून ओरडे.

"दम नाई जात पप्पा, दात दिसते फक्त," ती पळता पळता उत्तर देई.

कुठल्याशा शिबिरात अजयने ऐकलं होतं की मुलांना दुसऱ्यांशी नव्हे, कालच्या स्वतःशी स्पर्धा करायला शिकवावं. मला ते शहाणपणाचं वाटलं, मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याने मयुरीच्या पट्टीशेजारी राखेने आणखी एक पट्टी आखली.

"हे पट्टी तुही, अन् ते कालच्या मयुरीची. तिले हरवाचं. बाकी कोनाकडे पाहाचंच नाई."

मयुरीने रिकाम्या पट्टीकडे वाकून हात जोडले. "ये वं कालची, लवकर उभी राह्य. नाईतर पप्पा तुह्यावरबी चिल्लावतीन." आम्ही इतके हसलो की निशाच्या हातातला चहा सांडला.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी दोरा माझ्या चिमटीतून सुटला. सुटला म्हणजे कुणीतरी हलकेच ओढून नेल्यासारखा पुढे गेला, आणि मयुरी तर अजून बरीच मागे होती.

"काय बाबा, दोराबी धरता येत नाई काय तुमाले?" अजय हसत म्हणाला.

वारा असेल, असं मी म्हणालो. पळसाचं पान हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तिसऱ्या दिवशी मी बोटाला दोऱ्याचा वेढाच दिला, तर बोटावर लाल वळ उठला. मग मी खाली पाहिलं. शेजारच्या पट्टीतल्या दवावर लहान, अनवाणी पावलं उमटली होती. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवावा की डॉक्टरवर, हे ठरेना.

"आजबी तेच जिंकली," मयुरी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली.

"कोण गं?"

"कालची. ते हसते ना आबा. मले पप्पा हसू नाई देत. अन् न हसता मले पयताच नाई येत."

जिल्ह्याच्या धावण्याच्या संघासाठी चंद्रपूरला होणारी निवड जवळ आली तसा सराव वाढला. मयुरीच्या पायाची नखं काळी पडली. झोपेतसुद्धा तिच्या मुठी आवळलेल्या असत. निशा एकदा अजयला म्हणाली, "लेकरू आहे ते, मिलचा पट्टा नाई." त्यावर तो म्हणाला, "एकदा निवड होऊ दे, मंग खेळू दे काय खेळाचं ते." मला त्याला थांबवायचं होतं. माझ्याकडे चांगली, मुद्देसूद वाक्यं तयार होती. बोलायची वेळ आली की त्यांतलं एखादं चूक तर नाही ना, हे मी तपासत बसे आणि तोवर तो शिट्टी वाजवी.

निवडीच्या आदल्या सकाळी मयुरीने स्वेटर फेकला नाही. घडी करून माझ्या हातात दिला.

"आबा, आज मी तिले हरवीन. पन हरल्यावर ते कुठी जाईन?"

"अगं, कालची मयुरी म्हणजे नुसती कल्पना आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, माझं उत्तर चुकलंय पण मला वाईट वाटू नये अशा बेताने मान हलवली, आणि गेली.

शिट्टी झाली. ती आली ती ओठ घट्ट मिटून, एकदाही शेजारी न पाहता, आणि दोरा तिच्याच छातीला लागून सुटला. अजयने तिला खांद्यावर उचललं, धुऱ्यावरून नाचवलं. निशाने पिशवीतून जिलेबी काढली. मीही टाळ्या वाजवल्या, खरंच आनंद झाला होता.

"आता तरी हस की वं!" अजय म्हणाला.

"कशाले?" खांद्यावरून तिने विचारलं. आवाज शांत होता, नम्र होता. तिने जिलेबी घेतली नाही. माझ्या अंगावरून तिची नजर गेली, तशी पळसाच्या झाडावरूनही गेली.

ते तिघं बोलत बोलत घराकडे निघाले. मी स्वेटर खांद्यावर टाकला आणि दोरा गुंडाळायला वाकलो.

"बाबा, चाला ना, जिलेबी थंडी होऊन राह्यली!" दुरून अजयची हाक आली.

मी हात वर केला, पण गेलो नाही. धुक्यात, शेजारच्या पट्टीच्या पार टोकाकडून, कुणीतरी खळखळून हसत येत होतं. मी दोरा पुन्हा चिमटीत घेतला, आणि या वेळी अगदी सैल धरला.