निद्रिस्तांचे वस्त्र

वैशाख होता. वैनगंगेचे पात्र वाळूचे झाले होते आणि त्या वाळूवर ऊन थरथरत होते. श्वेत ऊन, शुष्क ऊन, सावलीलाही चटका देणारे ऊन. काठावरचे ऐनाचे रान निष्पर्ण, तपस्व्यासारखे उघडे उभे. पाखरू नव्हते. पानही नव्हते.

त्या रानाच्या कडेला कीटकसंशोधनाची एक जुनी संस्था होती, आणि त्या संस्थेत एक थंड, तमोमय खोली. तिथे दर उन्हाळ्यात कोसा-रेशमाचे किडे निजत. बदामी कोषांत, सोनेरी कोषांत, स्वतःच्याच मुखातून काढलेल्या तंतूंच्या गाभाऱ्यात निजत. आणि आषाढ आला की पतंग होऊन बाहेर येत.

त्यांची झोप हेच डॉक्टर मृणालिनी ठवकरांचे आयुष्य होते.

ही झोप कोण आणते? ही झोप कोण मोडते? कृष्णकेशी मृणालिनी हा प्रश्न घेऊन इथे आली आणि इथेच शुभ्रकेशी झाली. मोहरीहूनही लहान मेंदूतून एक अदृश्य स्राव झिरपतो आणि निजलेला जीव जागा होतो, हे तिने दाखवून दिले. मग पुढचा प्रश्न उभा राहिला. कुणी आधी जागतो, कुणी मागाहून. ती वेळ मेंदूला कळते कशी?

आधी जागणाऱ्यांच्या जोड्या तिने वेगळ्या लावल्या, मागाहून जागणाऱ्यांच्या वेगळ्या. पिढीमागून पिढी दोन वंश वाढवले. मैत्रिणींच्या घरी नातवंडे रांगू लागली. तिच्या हातांवर पतंगांचे पंख वाळत राहिले. आता एकच पावसाळा उरला होता. या पावसाळ्यात ते दोन वंश आपापल्या वेळी जागे झाले असते, आणि तिला तिचे उत्तर मिळाले असते.

पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. फाल्गुनात ती शस्त्रक्रियेसाठी नागपूरला बहिणीकडे निघाली. संस्थेचा संचालक श्रीरंग वझलवार हा एके काळचा तिचाच विद्यार्थी. निघताना त्याला म्हणाली,

"श्रीरंग, कोष सांभाळ बरं. खोली तापू देऊ नकोस."

"निर्धास्त जा, मॅडम."

ती परतली ती निवृत्तीच्याच दिवशी, गाडीतून उतरून थेट सभागृहात. नव्या डोळ्यांना सारे लखलखीत दिसत होते. झेंडूची तोरणे लखलखीत, माणसांचे चेहरे लखलखीत. श्रीरंगने व्यासपीठावर एक शाल उलगडली. मृदुल, मधुवर्णी, मंद तेवणारी शाल.

"मॅडम, ही बाजारातली नाही हं," खांद्यांवर शाल घालता घालता तो हसून म्हणाला. "आपल्याच कोषांची आहे. थंड खोलीतल्या."

टाळ्या वाजल्या.

तिचा हात शालीवर थबकला. अखंड तंतू हवा, तर आतला जीव आधी वाफेवर मारावा लागतो. हे तिनेच त्याला शिकवले होते.

"सगळे?" तिने विचारले.

"सगळेच लागले. तरी विणकर म्हणत होता, कमी पडतील."

"पावसाळ्यात मी येणार होते, श्रीरंग."

"आता कशाला त्रास घेता? खूप केलंत. तसंही तुमच्यानंतर हा विषय बघणारं कोण आहे इथे? खोली मोकळी करायचीच होती."

त्याच्या स्वरात कपट नव्हते. कपट असते तर तिला रागावता आले असते. त्याच्या स्वरात प्रेम होते. निर्मळ, निश्चिंत, अज्ञानाइतके गाढ प्रेम.

तिनेही मारले होते. आयुष्यभर मारले होते. सुईच्या टोकाने किती निजलेल्यांचे मेंदू काढले, किती पंख उमलण्याआधीच मिटवले. पण त्या प्रत्येक मरणाला तिने काही विचारले होते. या मरणाला कुणी काहीच विचारले नव्हते.

ध्वनिक्षेपकासमोर ती उभी राहिली. सभागृह उत्सुक झाले.

"सगळ्यांची आभारी आहे," ती म्हणाली, आणि खाली बसली.

जेवणाच्या पंक्ती बसल्यावर ती एकटीच थंड खोलीकडे गेली. खोली झाडलेली, पुसलेली, फिनेलच्या वासाची. मांडण्या भिंतीला टेकवलेल्या. गारवा मात्र तसाच होता. यंत्र बंद करायचे कुणाला सुचलेच नव्हते. रित्या अंधाराला ते इमानाने गार करीत होते. तिने बटण दाबले. घरघर मंदावली, अडखळली, थांबली.

मग ती बाहेर पडली. मागून श्रीरंगने हाक दिली, "मॅडम, गाडी काढतो! ऊन फार आहे!" तिने मागे पाहिले नाही.

फाटकापाशी वाऱ्याची पहिली झळ अंगावर आली, तशी ती थांबली. खांद्यावरची शाल तिने अलगद काढली. घडी घातली. आणखी एक घडी घातली. उराशी घेतली आणि वरून पदर ओढला, चहूकडून ओढला, कुठून ऊन लागू नये म्हणून ओढला. आणि ज्यांना आता कुठलेच ऊन लागणार नव्हते, त्यांना पदराखाली घेऊन, पांढऱ्या रस्त्याने, पांढऱ्या दुपारी, जपून, हळूहळू, ती चालत राहिली.