दुसरा माइक

"दादांनी बोलावलंय म्हणजे त्यांचं कुठेतरी घोडं अडलं असणार," धाकट्याची बायको म्हणाली. "प्रेमाचं भरतं आलं म्हणून कोणी भावाला स्टुडिओत बोलावत नाही."

धाकट्याने हातानेच 'असू दे' अशी खूण केली. ऑपरेशन झाल्यापासून तो बोलणं असं वाचवायचा. गळ्यातली गाठ गेली आणि जाताना आवाजही घेऊन गेली. उरली ती नुसती कुजबुज. साठी उलटली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणायचे, आणि त्यात त्याला कधी वावगं वाटलं नव्हतं. थोरल्याने गावाकडची जुनी गाणी गिटारवर चढवून दोन पिढ्यांना वेड लावलं होतं. अशा माणसाचा धाकटा असणं हीच एक नोकरी होती, आणि ती त्याने जन्मभर इमानेइतबारे केली. गिटार वाजवायची, वरचा सूर धरायचा आणि दादा बोलायला लागला की गप्प बसायचं.

दादाच्या चाहत्यांमध्ये एक भांडण कधीच मिटलं नाही. स्टुडिओतले अल्बम चांगले की लाइव्ह? खरं तर ते भांडणही नव्हतं, कारण सगळे लाइव्हच्याच बाजूने होते. स्टुडिओतली गाणी स्वच्छ, पण इस्त्री मारल्यासारखी. तिथे दादा आधी खालचा सूर गायचा, मग त्याच्यावर स्वतःच वरचा सूर चढवायचा. दोन्ही आवाज त्याचेच. कार्यक्रमात मात्र एका माणसाला दोन सूर गाता येत नाहीत, त्यामुळे तिथे वरचा सूर धाकट्याचा. लोक म्हणायचे, लाइव्हमध्ये काहीतरी वेगळंच आहे बुवा, अंगावर काटा येतो. मुलाखतीत कोणी विचारलं की दादा डोळे मिटून सांगायचा, "श्रोत्यांची ऊर्जा!" आणि धाकटा शेजारी बसून मान डोलवायचा. ती ऊर्जा रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करते, हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही.

स्टुडिओत दादा मोठ्या खुर्चीत ऐसपैस बसला होता. रेकॉर्डिस्ट बाई चष्मा कपाळावर चढवून पडद्यासमोर बसल्या होत्या. दादाच्या सगळ्या लाइव्ह अल्बमचा नवा संच निघणार होता, आणि त्याचं काम महिनाभर त्यांच्याकडे चाललं होतं.

"ये, बस," दादा म्हणाला. "नावाड्याचं गाणं लावतोय. आधी स्टुडिओतलं ऐक, मग लाइव्ह. आणि नेहमीसारखं खरं सांग. तुझ्या कानांवरून गेल्याशिवाय माझं काही बाहेर पडलंय का आजवर?"

नाही म्हटलं तरी धाकट्याला बरं वाटलं. गळा गेला तरी कान आहेत, आणि दादाला त्यांची किंमत आहे. तो पुढे सरकून बसला. स्टुडिओतलं गाणं संपलं. मग लाइव्ह सुरू झालं, ते सगळ्यात गाजलेल्या दौऱ्यातलं. ढोल आला, गिटार आली, दादाचा खर्जातला आवाज आला. अंतरा जवळ आला तसा धाकट्याचा श्वास आपोआप आत गेला. आता तो स्वतः येणार होता. पुन्हा गाता येणार नव्हतं, पण ऐकता तरी येणार होतं.

अंतरा आला आणि गेला. वरच्या सुरावरही दादाच होता.

आपला सूर कुठे गेला, हे धाकट्याला विचारायचं होतं. पण कानाला लागलेली खोड अशी वाईट, की ते बाजूला राहिलं आणि तोंडातून भलतंच निघालं. "वरच्या ओळीआधीचा श्वास स्टुडिओतला आहे," तो कुजबुजला. "कार्यक्रमात तू असा श्वास घेत नाहीस."

"बघा!" दादाने मांडीवर थाप मारली. "मी काय सांगत होतो, बाई? जगाला फसवता येईल, याला नाही. काढा तो श्वास."

बाईंनी श्वास काढला. पुन्हा वाजवलं. आता जोड कुठे आहे ते कोणाच्या बापाला कळलं नसतं. आणि तेव्हा धाकट्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याला पुसून टाकण्याचं काम चाललंय, आणि आपणच शहाण्यासारखे त्यातल्या चुका काढून देतोय.

"माझा आवाज कुठे आहे?" त्याने विचारलं.

"काय म्हणतोस? जरा मोठ्याने बोल."

"माझा आवाज!"

दादाने छताकडे पाहिलं. उत्तर बाईंनी दिलं, तेही खाली बघत. "बंद केलाय. तुमचा माइक वेगळा होता, म्हणून जमलं. त्याआधीच्या दौऱ्यांत तुम्ही दोघं एकाच माइकवर गायचात ना, तिथे काहीच वेगळं काढता येत नाही. ते कार्यक्रम संचात घ्यायचेच नाहीत असं ठरलंय."

तो वेगळा माइक! जन्मात एकच गोष्ट धाकट्याने दादाकडे हट्टाने मागितली होती. त्या दौऱ्याच्या आधी तो रुसला होता, अबोला धरला होता, माइक मिळाल्याशिवाय गाडीत चढणार नाही म्हणाला होता. दादाच्या खांद्यावरून मान पुढे काढून किती दिवस गायचं? माझा माइक मला हवा. मिळाला तेव्हा त्याने बायकोला पहिल्या रांगेत बसवलं होतं. आणि त्याच माइकमुळे आज एक बटण दाबलं की धाकटा गायब. मान पुढे काढून गात राहिला असता तर दादाला त्याला हात लावता आला नसता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ओरडायला गळाच नव्हता.

"का?" एवढंच तो म्हणाला.

"का म्हणजे?" दादा उसळला. "तू घरी बसलास, कार्यक्रम मी एकटा करतोय. तो अंतरा आला की लोक काय करतात माहितीये? थांबतात. माझ्याकडे बघतच नाहीत, तुझी वाट बघतात. मी तिथे जीव तोडून गातोय आणि माझ्या तोंडावर कोणी ओरडतं, धाकटे कुठे आहेत! आयुष्य घातलं मी या गाण्यांत. माझ्या माघारी लोकांनी म्हणायचं का, की मजा होती ती दुसऱ्याच आवाजात होती?"

त्याचे डोळे भरून आले होते. धाकट्याला क्षणभर कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा आणखीनच राग आला. म्हणजे याला माहीत होतं. इतकी वर्षं ऊर्जा ऊर्जा करत होता, आणि याला सगळं माहीत होतं.

"शेवटपर्यंत एकदा ऐक," दादा नाक पुसत म्हणाला. "काही राहिलं असेल तर सांग. तू म्हणालास झालं, की झालं."

गाणं पुन्हा सुरू झालं. धाकटा मिठाची गुळणी धरून बसला. शेवटची ओळ आली. दादाचा सूर थांबला, आणि टाळ्यांसाठी श्रोत्यांकडचे माइक उघडले. टाळ्यांच्या अगदी सुरुवातीला, दूर कुठेतरी, वरचा सूर अजून चालू होता. दादाचा दम संपल्यावरही धाकट्याने धरून ठेवलेला. सभागृहात घुमून त्या माइकमध्ये शिरलेला. बारीक, पण सच्चा. त्याचा स्वतःचा आवाज.

धाकट्याने श्वास रोखला. बाईंनीही तो ऐकला असावा, कारण त्यांचा हात थबकला आणि त्यांनी चष्म्यावरून धाकट्याकडे पाहिलं. मग तो सूर तसाच ठेवून त्या पडद्याकडे वळल्या. दादाला ऐकू आलं नव्हतं. वयाने त्याच्या कानातले बारीक सूर कधीच गेले होते.

"काही राहिलंय?" दादाने विचारलं.

जन्मात पहिल्यांदा धाकटा गाण्याच्या बाबतीत खोटं बोलला. "नाही. झालं."

"झालं ना? वा!" दादा खुशीत उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "बाई, तेवढ्या टाळ्या मात्र बदला. फारच मिळमिळीत आहेत. दुसऱ्या रात्रीच्या दणदणीत होत्या, त्या लावा."

बाई घुटमळल्या. "याच बऱ्या वाटतात, दादा. त्या रात्रीच्या आहेत..."

"टाळ्यांना कुठली आलीये रात्र? लावा म्हणतो ना!"

त्यांनी टाळ्या लावल्या. शेवटची ओळ पुन्हा वाजली. दादाचा सूर थांबला आणि खोली टाळ्यांनी दणाणून गेली. नुसत्या टाळ्या. धाकट्याने कान देऊन ऐकलं, अगदी शेवटची टाळी विरेपर्यंत.

"आता सांग," दादा म्हणाला. "कसं वाटतंय?"

"स्टुडिओतल्यासारखं," धाकटा कुजबुजला.

दादाने त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. "बस! हेच तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला."