आत्याबाईचा खोकला

"हा खोकला खोटा आहे," बाहेर पडता पडता दारात पाय रोवून अध्यक्ष म्हणाला. "निव्वळ खोटा. कुणाला फसवताय तुम्ही लोक?"

काकूंनी एका हाताने दार धरून ठेवलं होतं. हे दार लागल्याशिवाय आतली पुढची फेरी सुरू होत नसे, आणि अध्यक्ष नेमका उंबऱ्यात उभा होता. त्याच्या पाठीमागे सगळी केबिन तुंबली होती.

"पुढे सरका हो, मागे माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. त्यांनाही हेच म्हणायचंय."

मागची माणसं खरोखरच तेच म्हणत होती. एक बाई म्हणाली, "शी, कसली ती भाडोत्री बया." दुसऱ्या कुणीतरी नव्या कोऱ्या भिंतीला लाथ घातली. काकू करमणूक-उद्यानातल्या पाताळयानाच्या दारावर होत्या, आणि दारावरच्या माणसाला शिव्या म्हणजे पायपुसण्याला चिखल, हे त्या कधीच शिकल्या होत्या. पण आजच्या शिव्या वेगळ्या होत्या. त्या नेमक्या पत्त्यावर येत होत्या आणि देणाऱ्याला पत्ता ठाऊक नव्हता.

अध्यक्ष हा कसलाच अध्यक्ष नव्हता. पाताळयानाच्या भक्तांचा तो आपोआप पुढारी झाला होता, म्हणून उद्यानातल्या नोकरांनी त्याला ते नाव ठेवलं होतं. पहिल्यांदा तो वडिलांचं बोट धरून आला. आता डोक्यावर टकलाचा चंद्र उगवला तरी दर सुट्टीला यायचाच.

पाताळयान म्हणजे लोखंडी पायांवर उभी केलेली एक बंद खोली. समोरच्या पडद्यावर जमीन दुभंगायची, खोली गदगदा हलायची, माणसं किंचाळायची, आणि एवढं सगळं होऊन यान जागचं हलायचं नाही. ते चालवायची आत्याबाई. ती दिसत नसे, नुसता वरून आवाज यायचा. अर्ध्या वाटेत यान खडकात अडकायचं, मिट्ट काळोख व्हायचा, आणि आत्याबाई म्हणायची, "घाबरायचं नाही..." मग खोकायची, आणि मग म्हणायची, "आत्या आहे ना."

त्या खोकल्याला अख्खी केबिन एकदम खोकायची. कुणी सुरू केलं देव जाणे, पण आईबाप रांगेतच पोरांना शिकवून ठेवत. एखादा नवखा खोकायला चुकला की तो न बोलावता लग्नाला आल्यासारखं बाकीचे त्याच्याकडे बघत. अध्यक्षाने तर छातीवर 'खॉक्' छापलेला सदरा शिवून घेतला होता.

तो खोकला काकूंचा होता.

पाताळयान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ठरलेली आवाजवाली आलीच नाही. मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं आणि नुकतीच कामाला लागलेली दारावरची मुलगी ध्वनिक्षेपकासमोर उभी केली. तिला सडकून सर्दी झाली होती. वाक्याच्या मधोमध खोकला आला तशी ती ओशाळली, म्हणाली, "पुन्हा घ्या ना." मुकादम म्हणाला, "राहू दे गं. एवढं कान देऊन कोण ऐकतंय?"

ऐकणारे निघाले. मुकादम निवृत्त झाला, तेव्हाची माणसं एकेक करून पांगली, मुलीची काकू झाली, आणि दारामागून दर फेरीला तिचा तरुण खोकला येत राहिला. काकूंनी कधी बढाई मारली नाही. पण अभिमान होता, भरपूर होता. घरी भांडण झालं, पाय सुजले, कुणी हडतहुडत केलं, तरी त्या स्टुलावर बसून फेरी ऐकायच्या आणि आत माणसं खोकली की त्यांना बरं वाटायचं.

यंदा पाताळयानाचं रुपडं पालटलं. नवा पडदा, नव्या खुर्च्या, आणि भारदस्त पुरुषी आवाजाचा कप्तान. पहिल्याच दिवशी रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आत्याबाईला मिशा फुटल्या रे," आणि तिथून जे पेटलं ते विझेना. लोक पट्टे बांधून ठिय्या देऊन बसत, उठायला तयार नसत. खुर्च्यांवर च्युइंगम चिकटवून जात. जुनी टेप लावावी तर नव्या यंत्रावर नुसती खरखर, शिवाय गोष्ट लांबल्यामुळे आत्याबाईला नवी वाक्यंही लागणार होती. मॅनेजर रडकुंडीला आला. तेव्हा एका जुन्या वायरमनने त्याला सांगितलं, की आत्याबाई रोज तुमच्या दारावर उभी असते.

मग काकूंना गाडीतून स्टुडिओत नेलं. तिथल्या मुलीने कोमट पाणी दिलं, कानाला यंत्र लावलं. म्हणाली, "काकू, छान प्रेमाने बोला हं. आणि इथे खोका." काकू प्रेमाने बोलल्या. खोकून खोकून घसा बसला, तेव्हा कुठे तिच्या मनासारखं झालं.

तोच आवाज आज सकाळपासून वाजत होता.

संध्याकाळी घरी लेक फोनवरून लोकांची मतं वाचत होती. आई चपला काढतेय हे तिला उशिरा दिसलं.

"थांबलीस का? वाच," काकू म्हणाल्या.

"नको आई. रिकामटेकडी माणसं आहेत."

"वाच म्हटलं ना."

लेकीने खाली मान घालून वाचलं. "आवाजात माया नाही. कंपनीने स्वस्तातली कोणी उचलून आणलीय. आत्याबाईची सर कुठून येणार. हिला धड खोकतासुद्धा येत नाही."

नवरा कपड्यांना इस्त्री करत होता. तो म्हणाला, "इतकी वर्षं त्या खोकल्याने माझी झोपमोड केलीय, आणि म्हणे धड येत नाही."

लेक हसली. काकूही हसायला गेल्या, पण मध्येच चेहरा फिरवून मोरीत गेल्या आणि पाण्याचा नळ सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पुन्हा उंबऱ्यात. त्याचा राग तसा काकूंवर नव्हता. त्याला फक्त त्यांना पटवून द्यायचं होतं. त्याने फोनवर जुना आवाज लावला आणि त्यांच्या कानाशी धरला.

"ऐका काकू. ही खरी. ऐकलंत, कशी मनापासून खोकते? आणि आता आतली आठवा. आपल्याला काही कळत नाही, असं वाटतं यांना."

कानाशी आपलंच तरुणपण खोकत होतं. काकूंना ते सहन झालं नाही.

"दोन्ही मीच आहे," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष हसला. मग त्याच्या लक्षात आलं की काकू हसत नाहीत, आणि त्याचा चेहरा कडवट झाला. "म्हणजे तुम्हालाही पढवून उभं केलंय तर. काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. लहानपणापासून बघतोय तुम्हाला. आत्याबाईच्या नावाने खोटं बोलवतं तरी कसं?"

"खोटं नाही बोलत मी."

"मग खोका."

मागच्या एकाने फोन वर धरला. कुणीतरी म्हणालं, "हो ना, खोकून दाखवा, होऊ दे सोक्षमोक्ष."

काकूंचा हात गळ्याशी गेला. क्षणभर त्यांना वाटलं, खोकावं. मग पुढ्यातले ते ताणलेले चेहरे पाहिले आणि हात खाली घेतला.

"खोकला असा मागून येत नाही," त्या म्हणाल्या. "सरका, दार लावायचंय."

हशा पिकला. "बघा, पळाली," असं कुणीतरी म्हणालं, आणि अध्यक्ष मान हलवत खरोखरच दुःखी होऊन निघून गेला.

चार दिवसांनी मॅनेजर एक फलक काखोटीला मारून आला. त्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं: 'नकली आवाजाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तो काढून टाकण्यात आला आहे.'

"यापुढे आवाजच नको," तो म्हणाला. "वाक्यं पडद्यावर लिहून येतील. एकदाची कटकट गेली. हा लावून टाका दाराशी."

काकूंनी फलक दोनदा वाचला. "आवाज काढा तुम्ही. तुमचं यान आहे. पण नकली म्हणू नका. तुम्हाला तर माहितीय."

"मला माहीत असून काय उपयोग? लोकांना खरं सांगितलं तर तुम्हालाच फाडून खातील. तुमच्याच भल्याचं आहे, काकू."

"माझ्या भल्याचं मला कळतं, साहेब. मी हा लावणार नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्या कामाला नाही म्हटलं नव्हतं. मॅनेजरने वाट पाहिली. मग काकूंचंच स्टूल ओढून त्याने स्वतः फलक टांगला, डाव्या बाजूला जरा उतरता, आणि कुणाकडे न बघता निघून गेला. रांगेत टाळ्या पडल्या.

पहिली मुकी फेरी सुरू झाली. काकूंनी दार लावलं. आत जमीन दुभंगली, माणसं किंचाळली, मग यान अडकलं. ही काळोखाची वेळ होती. दारामागे काहीच वाजत नव्हतं. पडद्यावर नुसती अक्षरं उमटली असणार.

आणि त्या शांततेत अख्खी केबिन खोकली. लहानमोठी, बायकापुरुष, सगळी एकदम, अगदी जागच्या जागी. खोकून सगळी थांबली. कशाची तरी वाट पाहत असल्यासारखी थांबली.

"आत्या आहे ना," काकू बंद दाराला म्हणाल्या. आवाज त्यांनाही जेमतेम ऐकू आला.

फेरी संपली. त्यांनी दार उघडलं. माणसं डोळे पुसत, जिंकल्याच्या तोऱ्यात बाहेर आली. सगळ्यांत पुढे अध्यक्ष होता. फलकाकडे बघता बघता त्याचं पायाखाली लक्ष नव्हतं.

"सावकाश," काकू म्हणाल्या. "पायरी आहे."

तो पायरी उतरला आणि मागे न बघता पुढे गेला. त्याच्या मागून आलेल्या प्रत्येकाला काकूंनी तेच सांगितलं, आणि शेवटचा माणूस उतरल्यावर दार लावून घेतलं.