तोंडावरचं झाकण

“आता लावा जोर,” कौसल्या म्हणाली आणि तिघांनी एकदम रेटा दिला. कबरी गाय एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलंडली, नाकपुड्यांतून मोठा सुस्कारा सोडला आणि मान पोटाकडे वळवून पुन्हा बसून राहिली. तिघांत कौसल्या, तिचा नवरा दत्तोबा आणि शेजारच्या मळ्यातले हिंदुराव. शेण आणि घाम तिघांच्या अंगाला सारखाच लागला होता.

“कूस बदलली, पर उठायचं नाव न्हाय हिचं,” हिंदुराव म्हणाले.

कबरी व्यायली आणि दुसऱ्याच दिवशी खाली बसली. पिंपळीहून डॉक्टर आले, त्यांनी शिरेतून कॅल्शियमच्या बाटल्या चढवल्या. गार पडलेले कान गरम झाले, रवंथ सुरू झाला, पण चार पायांवर उभं राहायचं काही तिनं मनावर घेतलं नाही. आज सकाळी निघताना डॉक्टर म्हणाले होते, “औषधाचं काम झालं. आता जोर तिनं लावायला पाहिजे. आजच्या दिवसात उठली तर ठीक. अंगाखाली पाय दबून कामातून गेले, तर मग माझ्याही हातात काही नाही.”

तेव्हापासून कौसल्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. वासराला बाटलीनं दूध पाज, कबरीपुढं पाण्याची बादली धर, पायाखालचं ओलं पाचट काढून कोरडं टाक, आणि हे सगळं झालं की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी कमरेखालून पट्टा घालून आढ्याला कप्पी लावली आणि गाय उचलली. कप्पीनं उचललं तोवर ती उभी दिसली. पट्टा सैल केला की मटकन खाली. देवाच्या पालखीसारखं किती वेळ खांद्यावर धरणार तिला?

दिवस कलायला लागला. गोठ्यातल्या बाकीच्या तिघी मुरघास, पिशवीत मुरवलेला चारा, चघळत होत्या. कौसल्यानं पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली,

“अवं, मशीन लावून बघा की.”

दत्तोबा दोर गुंडाळत होता. तो गुंडाळतच राहिला.

“कुठली मशीन?”

“कुठली म्हंजी? कुट्टीची. वासरू हुती तवापासनं तिचा आवाज आला की उभी राहत्या ही. दावं तोडायची.”

यात काही खोटं नव्हतं. वर्षानुवर्षं याच वेळेला गोठ्याच्या टोकाची, चारा बारीक कापणारी कुट्टी मशीन सुरू व्हायची. मोटर घुंईऽऽ करून आवाज चढवायची, उसाच्या वाढ्यांचा, हिरव्या शेंड्यांचा, चुरा उडायला लागायचा आणि गोठाभर गाई खडबडून उभ्या राहायच्या. गेले आठ महिने मात्र मशीन ताडपत्रीखाली होती. विकतच्या मुरघासाच्या पिशव्या येत होत्या, आणि त्या फोडताना आवाज तो काय येणार!

आठ महिन्यांपूर्वी त्या मशीननं कौसल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली होती.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दत्तोबाच बोलला होता. “पदर गुतला हिचा. पदर सोडवाय गेली आन् हात गेला.” कौसल्या खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होती. मशीनच्या तोंडावर एक लोखंडी झाकण असतं, हात पात्यापर्यंत जाऊ नये म्हणून. झाकण असलं की ओली वाढी अडकतात, थोडी थोडी घालावी लागतात, वेळ जातो. कालव्याच्या पाण्याची पाळी आली होती, दत्तोबाला रानात पळायची घाई होती, म्हणून त्यानं आदल्याच दिवशी ते काढून ठेवलं होतं. हे दोघांनाच ठाऊक. ती तेव्हा काही बोलली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि मग पदराची गोष्ट गावभर झाली. जी बाई भेटे ती म्हणे, “पदर खोचत जा गं बाई.” कौसल्याही चारचौघांत पदर घट्ट खोचायला लागली आणि घरात त्याच पदराखाली उजवा हात झाकायला लागली. बोटांपेक्षा त्या पदराचाच तिला जास्त राग होता.

“मोटर बसलीया तिची,” दत्तोबा म्हणाला.

“न बघताच?”

“पट्टा उंदरांनी खाल्ला आसंल.”

“पट्टा चांगला हाय. मी बघितलाय.”

दत्तोबानं पहिल्यांदा वर पाहिलं. ताडपत्री उचलून ती कधी बघून आली, हे त्याला माहीत नव्हतं. ती किती वेळा बघून आली, हे तर नव्हतंच. तो उठून उगाच कबरीच्या पाठीवरून हात फिरवत बसला. कौसल्याला थांबवेना. ती सरळ गोठ्याच्या टोकाला गेली आणि तिनं ताडपत्री ओढून काढली.

मशीनचं तोंड उघडंच होतं. झाकणाच्या जागी नटांची चार रिकामी भोकं. कौसल्याच्या तुटल्या बोटांच्या जागी, जिथं आता काहीच नव्हतं, तिथं मुंग्या आल्या. तरी तिनं गोठ्यालगतच्या बांधावरची वाढ्यांची पेंढी ओढून जवळ घेतली.

“वैनी, जपून हां,” हिंदुराव लगबगीनं आले. माणूस मायेचा, पण जीभ सैल. “पदर खोचा आधी. मागं पदरानंच घात केला.”

तिनं सवयीनं पदर खोचला. दत्तोबा तिच्याकडं बघत उभा होता. मग तो पाठ फिरवून घराकडं चालता झाला.

कौसल्याच्या मस्तकात तिडीक गेली. त्या दिवशी पाण्याच्या नावानं पळाला, आज तर पाण्याची पाळीही नव्हती, तरी पळाला! जाऊ दे. ती बटणाकडं वळली.

“थांब!”

दत्तोबा धावत आला. त्याच्या काखेत एक पोतं होतं. तो मशीनपुढं उकिडवा बसला, पोतं सोडलं. आत झाकण होतं. ते त्यानं कधीच भंगारवाल्याला घातलं असणार, असं कौसल्या आठ महिने धरून चालली होती. झाकणाला गंजाचा ठिपका नव्हता. त्यावर ताजं तेल चकाकत होतं, आणि चारही नट एका फडक्यात गाठ मारून ठेवलेले होते.

दत्तोबा पान्यानं नट आवळायला लागला. हिंदुराव वाकून बघू लागले.

“हे कवा काढलं हुतं, दत्तोबा?”

पाना दोनदा घसरला. दत्तोबानं तो पुन्हा लावला.

“पदराचं काय न्हाय, हिंदुराव,” तो नटाकडं बघत म्हणाला. “पदर न्हवता गुतला.”

हिंदुरावांनी झाकणाकडं पाहिलं, मग कौसल्याच्या हाताकडं. पुढं काही न विचारता ते कबरीजवळ जाऊन बसले.

“मी घालतो,” दत्तोबा उठत म्हणाला.

“न्हाय. मी घालते. तुमी कबरीला खांदा द्या.”

तिनं बटण दाबलं. मोटरनं आधी खरखर केली, मग तोच जुना आवाज चढत गेला. झाकणामुळं वाढी खरंच अडकत होती. ती थोडी थोडी घालत राहिली, हिरवा चुरा उडत राहिला. आधी बाकीच्या तिघी हंबरल्या. मग कबरीचे कान ताठ झाले. तिनं मान लांब केली, गुडघ्यांवर भार घेतला, मागचे पाय चाचपडत रोवले. दत्तोबा आणि हिंदुराव दोन्ही बाजूंनी भिडले. ती एकदा घसरली. दुसऱ्यांदा मागलं अंग वर आलं, मग पुढलं, आणि कबरी लटलटत्या पायांवर उभी राहिली.

“धरून ठिवा!” कौसल्या ओरडली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं. मशीन बंद करून तिनं घमेलं भरून घेतलं आणि गाईकडं निघाली. खोचलेला पदर सुटून शेणातून फरफटत होता.

हिंदुरावांनी तो पाहिला. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटून घेतलं.

कौसल्यानं पदर तसाच राहू दिला. उजव्या हातानं ताजी कुट्टी उचलली आणि कबरीच्या तोंडापुढं धरली. दत्तोबा गाईला खांदा देऊन उभा होता. तो त्या हाताकडं बघत राहिला, आणि तिनं हात मागं घेतला नाही.