राखणीची पाळी

टिंग. टिंग. टिंग.

दुपारचे चार. नसरापूरच्या दवाखान्यात, आयसीयूत, खाटांवरची माणसं गप्प आणि यंत्रं

टीं टीं टीं

बोलकी. बाळाबाई पडदा सारून आत आली, तर नवऱ्याचे दोन्ही हात खाटेला पट्ट्यांनी बांधलेले.

"सिस्टर, ह्यास्नी बांधलं का वो?"

"मावशी, दोनदा नळी उपसली त्यांनी," सुलक्षणा सिस्टर म्हणाली. "तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. असंच चाललं तर छाती दमेल, मग श्वासाच्या मशीनवर घालावं

खण्ण!

लागेल." कुणाचा तरी ट्रे पडला होता. त्यासरशी भिमा उसळला. पट्ट्या ताणल्या. "हाऽऽट! हाऽऽट!"

"बघा. भ्रम झालाय."

बाळाबाईला मात्र ती आरोळी पाठ होती. त्यांच्या गावी, हिर्डोशीत, नाचणी पिकली की घराघरानं पाळी लावून शेतातल्या उंच माळ्यावर राखण करायची. डबे वाजले की समजायचं, रानडुकरं आली. तेव्हा जो झोपलेला सापडेल, त्याची गाव वर्षभर चेष्टा करी. भिमा कधी सापडला नव्हता. आणि इथं तीन दिवस ह्या यंत्रांचे डबे थांबलेच नव्हते.

ती त्याच्या कानाशी वाकली. "आवो, आज आपली पाळी न्हाई. गेनबा बसलाय."

"गेनबा?" भिमाचा आवाज खरवडल्यासारखा आला. "त्यो झोपतुया. समदी नाचणी जाईल."

चुकलंच. त्या झोपाळूचं नाव घ्यायला नको होतं.

"मग म्या बसते. तुमी उतरा खाली."

"तू? तू भितीस."

"भिते तर भिते! उतरा म्हनते न्हवं?"

भिमानं डोळे मिटले.

टीं टीं टीं

पापण्या थरथरल्या. "भेकर व्हतं," बाळाबाई मोठ्यानं म्हणाली. "गेलं."

खण्ण.

"साळिंदर. कुंपणाच्या भाईरच हाय."

पलीकडच्या खाटेचा सलाईनचा पंप कोकलला. बाळाबाईला जनावर सुचेना. भिमाचा हात पट्टीत वळवळला.

"ससा होता, मावशी," पंप बंद करता करता सुलक्षणा म्हणाली. "हाकलला मी."

हात सैलावला. हळूहळू तोंडही उघडं पडलं आणि भिमा घोरू लागला.

भेटीची वेळ संपून वीस मिनिटं झाली होती. सुलक्षणानं घड्याळाकडं पाहिलं, स्टूल बाळाबाईकडं सरकवलं आणि भिमाच्या डाव्या हाताची पट्टी सोडली.